जुन्या एफएम विमानाला २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ बसवताना: आधी काय, नंतर काय

ज्यांच्याकडे रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानाचा ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचा जुना एफएम रेडिओ सेट आहे आणि माळ्यावर एखादं बाल्सा लाकडाचं ट्रेनर (शिकाऊ विमान) कापडात गुंडाळून ठेवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्यात दसरा झाला, पाऊस गेला, शेतं कापून मोकळी झाली की अशी विमानं बाहेर निघतात, नवा रेडिओ येतो, आणि पहिल्या-दुसऱ्या फ्लाइटला विमान जमिनीत. दरवेळी गडबड जवळपास तीच असते. बाइंड (हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर यांची जोडी जुळवणं) झालं, सर्वो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) हलले, म्हणजे झालं काम असं लोक धरून चालतात, पण बाइंड ही मधली पायरी आहे, निम्मं काम त्याच्या आधी असतं आणि निम्मं नंतर.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. जुना एफएम सेट सिग्नल कमी पडायला लागला की आधी कुरकुर करायचा, सर्वो थरथरायचे, विमान जवळ आणायला वेळ मिळायचा. २.४ मध्ये शेवटपर्यंत सगळं ठणठणीत चालतं आणि मग लिंक एकदम जाते. त्यामुळे बॅटरी, अँटेना आणि फेलसेफ (लिंक गेल्यावर विमानाने आपोआप काय करायचं ते) या तीन गोष्टी जमिनीवरच पक्क्या करायच्या, हवेत त्यासाठी दुसरी संधी नसते.

## १. आधी काय विकत घ्यायचं ते ठरवा

मार्ग दोन. पहिला म्हणजे नवा ट्रान्समीटर आणि नवा रिसीव्हर, सरळ. दुसरा म्हणजे जुन्या ट्रान्समीटरच्या मागचा आरएफ मॉड्यूल काढून तिथे २.४ चा मॉड्यूल घालायचा, पण हे फक्त ज्या सेटला मागे काढता येणारा मॉड्यूल असतो त्यांनाच जमतं, आणि तेव्हा ट्रान्समीटरच्या मेनूत मॉड्युलेशन (सिग्नल पाठवायची पद्धत) पीपीएमवर ठेवायला लागतं, पीसीएमवर राहिलं तर मॉड्यूलला काहीच कळत नाही. मॉड्यूल नसलेला सेट उघडून आतला बोर्ड तोडून काही जोडायच्या भानगडीत पडू नका. माझं मत विचाराल तर जुन्या सेटच्या स्टिकची सवय हाताला फारच बसली असेल तरच मॉड्यूल, नाहीतर नवा सेट घ्या, त्यात मॉडेल मेमरी (प्रत्येक विमानाची सेटिंग वेगळी साठवायची सोय) आणि टेलिमेट्री (विमानाकडून परत येणारी माहिती) मिळते आणि टेलिमेट्रीचा उपयोग पुढे येणारच आहे.

रिसीव्हर ट्रान्समीटरच्याच भाषेतला हवा. सगळं २.४ असलं तरी फुटाबाचं फास्ट वेगळं, स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स वेगळं, फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए वेगळं, एक्स्प्रेसएलआरएस वेगळं. एकाचा रिसीव्हर दुसऱ्याशी बोलत नाही, अगदी एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या पद्धतीसुद्धा एकमेकींशी जुळतीलच असं नाही. एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सेटमध्ये मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असेल तर बऱ्याच भाषा चालतात, तरी खोक्यावरचं नाव वाचूनच ऑर्डर करा.

एक्स्प्रेसएलआरएस घेणाऱ्यांनी तीन गोष्टी बघा. एक, ड्रोनवाले वापरतात तो नखाएवढा सीरियल रिसीव्हर विमानाला उपयोगाचा नाही, सर्वो थेट लावता येतील असा पीडब्ल्यूएम आउटपुटचा घ्या. दोन, ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरचा मुख्य आकडा सारखा हवा, एकावर २ आणि दुसऱ्यावर ३ असेल तर बाइंड होणारच नाही. तीन, २.४ चाच घ्या. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या पॉवरमध्ये लायसनशिवाय वापरता येतो, ९१५ मेगाहर्ट्झचं तसं नाही, तेव्हा बाहेरून कोणी ९१५ चा सेट आणून देत असेल तर नको म्हणा.

## २. जुना रेडिओ काढायच्या आधी मोजून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि नंतर सगळ्यात जास्त रडवते. विमान जुन्या सेटवर नीट उडत होतं ना, मग ते नीटपण कागदावर उतरवून घ्या, कारण एकदा रिसीव्हर उपटला की ते गेलं.

जुना सेट चार्ज करा, प्रॉप (पुढचा पंखा) काढा, विमान टेबलावर ठेवून ऑन करा. आता पट्टी घेऊन प्रत्येक सरफेस (पंख-शेपटीचा हलता भाग) मागच्या कडेला किती मिलिमीटर वर-खाली जातो ते लिहा, एलेरॉन (पंखावरचा), एलिव्हेटर (शेपटीवरचा आडवा), रडर (शेपटीवरचा उभा) तिन्ही, आणि स्टिक मध्यावर असताना ट्रिम धरून सरफेस कुठे उभा राहतो तेही. थ्रॉटलचं आर्म आयडलला आणि फुलला कुठे असतं त्याचा मोबाइलवर फोटो. कुठला सर्वो रिसीव्हरच्या कुठल्या नंबरला लागलाय त्याचा फोटो, आणि प्रत्येक वायरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नाव.

मग विमानाचा सीजी (गुरुत्वमध्य) मोजा, टाकी रिकामी ठेवून, आणि पंखाखाली पेन्सिलने खूण करा.

तपासा: जुनी बॅटरी पूर्ण मेली असेल आणि सेट चालूच होत नसेल तर विमानाच्या प्लॅनमधले किंवा मॅन्युअलमधले थ्रो (सरफेस किती हलायला हवा ते अंतर) घ्या. अंदाजाने करू नका.

## ३. बॅटरी, स्विच, वायर

जुन्या विमानात बहुतेक ४.८ व्होल्टचा चार सेलचा निकेल कॅडमियम पॅक असतो. एफएम रिसीव्हर व्होल्टेज थोडं पडलं तरी खपवून घ्यायचा. २.४ च्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर असतो, व्होल्टेज साधारण साडेतीनच्या खाली क्षणभर जरी गेलं तरी तो रीस्टार्ट होतो, आणि परत लिंक धरेपर्यंत विमान तुमचं नसतं. लोक याला सिग्नल गेला म्हणतात, रेडिओला शिव्या देतात, पण दोष बॅटरीचा असतो.

पॅक वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला असेल तर चार्ज होतोय म्हणून ठेवू नका, बदला. आणि नुसता पॅक बदलून थांबू नका. जुन्या निकेल कॅडमियमच्या पॅकमधून एक गंज काळ्या वायरच्या आतून पुढे सरकत जातो. बाहेरून वायर चांगली दिसते, पण कनेक्टरजवळ इन्सुलेशन अर्धा सेंटिमीटर सोलून बघा, आतली तांब्याची तार लालसर चकचकीत असायला हवी. काळपट, ठिसूळ आणि सोल्डर न धरणारी दिसली तर ती वायर बाद, आणि तीच वायर स्विचपर्यंत गेलेली असते म्हणून स्विच हार्नेसही बाद. रेझिस्टन्स वाढलेल्या अशा वायरमधून एका सर्वोपुरता करंट जातो, चारही सर्वो एकदम ओढायला लागले की व्होल्टेज कोसळतं.

नवा पॅक निकेल मेटल हायड्राइडचा घ्या, चार सेलचा चालेल, पाच सेलचा ६ व्होल्टचा जास्त बरा, फक्त तुमचे सर्वो ६ व्होल्टचे आहेत का ते बघून. स्विच, हीटश्रिंक, साधा मल्टिमीटर हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं.

सावधान: नवीन रिसीव्हरवर ८.४ व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं म्हणून थेट टू-एस (दोन सेलचा) लिपो लावायचा मोह होतो. रिसीव्हर जगेल, जुने सर्वो जळतील.

जुना पॅक घंटागाडीत टाकू नका, कॅडमियम विषारी असतं, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

इलेक्ट्रिक विमान असेल तर पॉवर ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या) बीईसीमधून, म्हणजे रिसीव्हरला व्होल्टेज देणाऱ्या भागातून येते. तो किती अँपिअरचा आहे ते बघा, आणि वेगळा यूबीईसी लावणार असाल तर ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावा, दोन्हीकडून एकदम पॉवर देऊ नका.

तपासा: सगळं जोडून झाल्यावर एका रिकाम्या चॅनलवर मल्टिमीटर लावा आणि मित्राला दोन्ही स्टिक जोरात गोल फिरवायला सांगा. ४.८ च्या चांगल्या चार्ज केलेल्या पॅकवर आकडा ४.५ च्या खाली जात असेल तर पुढे जाऊ नका, आधी बॅटरी आणि वायरिंग.

## ४. रिसीव्हर बदलणे

जुना रिसीव्हर काढताना त्याची ती मीटरभर लांब अँटेना वायर फ्युजलाजमधून (विमानाच्या धडातून) पूर्ण ओढून काढा, अर्धी कापून आत ठेवू नका, पुशरॉडमध्ये (सर्वोपासून सरफेसपर्यंत जाणाऱ्या दांडीत) अडकते.

सर्वोचे प्लग: फुटाबाच्या जुन्या प्लगला बाजूला एक बारीक कड असते, ती नव्या रिसीव्हरमध्ये जात नसेल तर ब्लेडने अलगद तासा. वायरचा क्रम बघा, लाल मध्ये असेल तर ठीक. लाल मध्ये नसेल, म्हणजे फार जुने काही सर्वो असतात तसं, तर तो प्लग घालू नका, आधी पिना बदलून घ्या.

आता चॅनलचा क्रम. फुटाबा आणि हायटेक पद्धतीत १ एलेरॉन, २ एलिव्हेटर, ३ थ्रॉटल, ४ रडर. जेआर आणि स्पेक्ट्रम पद्धतीत १ थ्रॉटल, २ एलेरॉन, ३ एलिव्हेटर, ४ रडर. म्हणजे जुन्या फुटाबातला १ नंबरचा एलेरॉनचा प्लग उपटून स्पेक्ट्रमच्या १ नंबरला घातला तर एलेरॉन थ्रॉटलच्या स्टिकवर आला आणि ईएससी एलिव्हेटरच्या. इलेक्ट्रिक विमानाला प्रॉप लावलेला असताना हे झालं तर बोटं जातील. नंबर बघून लावू नका, तुम्ही टेपवर लिहिलेलं नाव बघून लावा.

एक्स्प्रेसएलआरएसवाल्यांसाठी आणखी एक: ५ नंबरचा चॅनल नेहमीच्या मोडमध्ये फक्त ऑन-ऑफ असतो. दुसरा एलेरॉन सवयीने ५ ला लावला तर तो एका टोकाला जाऊन बसतो. ६ किंवा पुढचा वापरा.

आणि जुने अ‍ॅनालॉग सर्वो असतील तर रिसीव्हरचा सर्वो रेट ५० हर्ट्झवर, किंवा स्पेक्ट्रममध्ये २२ मिलिसेकंदांवर ठेवा. फास्ट रेटवर अ‍ॅनालॉग सर्वो तापतात, घूं घूं करतात आणि बसतात.

## ५. बाइंड

सावधान: प्रॉप काढलेला आहे ना? परत बघा. ग्लोवाल्यांना (इंधनावरच्या इंजिनवाल्यांना) हे लागू नाही, पण इलेक्ट्रिकवाल्यांनी प्रॉप लावून बाइंड करूच नये.

नव्या सेटमध्ये आधी नवीन मॉडेल मेमरी तयार करा, तिला विमानाचं नाव द्या, मग बाइंड. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना चिकटवून ठेवू नका, फार जवळ असले की रिसीव्हर गुदमरतो आणि बाइंड होत नाही, मीटरभर अंतर ठेवा. थ्रॉटल स्टिक पूर्ण खाली. बाइंड झालं की दोन्ही बंद करून परत चालू करा, आधी ट्रान्समीटर मग विमान, आणि लिंक आपोआप येते का बघा. बंद करताना उलट, आधी विमान.

पूर्वी दोघांची फ्रिक्वेन्सी एक होऊ नये म्हणून फळीवर चिमटा लावायचा, कोणाचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा) कुठला ते विचारायचं, ते आता नाही. त्याच्या जागी नवी चूक आली ती म्हणजे चुकीची मॉडेल मेमरी. काही पद्धतींमध्ये रिसीव्हर फक्त योग्य मेमरीलाच जागा होतो, सगळ्यांमध्ये नाही. तुमच्या सेटमध्ये ती सोय आहे का ते मुद्दाम दुसरं मॉडेल निवडून तपासा. नसेल तर प्रत्येक फ्लाइटआधी स्क्रीनवरचं नाव वाचायची सवय लावून घ्या, कारण दुसऱ्या मॉडेलचे एलेरॉन उलटे असले तर ते हवेत गेल्यावरच कळेल.

## ६. दिशा, मध्य, थ्रो

याच क्रमाने करा, उलटसुलट नाही.

आधी दिशा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. स्टिक मागे, एलिव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे. थ्रॉटल पुढे, कार्ब्युरेटर उघडा. फुटाबाच्या सेटची थ्रॉटलची दिशा बाकीच्यांच्या उलटी असते, त्यामुळे कंपनी बदलली की थ्रॉटल रिव्हर्स करायला लागतो, ईएससी आर्म होत नाही (मोटर चालवायला तयार होत नाही) म्हणून तक्रार येते ती बहुतेक यामुळेच.

मग मध्य. ट्रिम सगळे शून्य, सबट्रिम (मेनूतून मध्य बारीक सरकवायची सोय) शून्य, आणि सर्वो आर्म काढून पुशरॉडला काटकोनात बसेल असं परत बसवा, उरलेलं क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची क्लिप) फिरवून. त्यानंतरही केसभर फरक राहिला तर सबट्रिम. सगळं सबट्रिमने ओढून आणलं तर एका बाजूचा थ्रो कमी पडतो.

मग थ्रो, तुमच्या कागदावरच्या मिलिमीटरप्रमाणे मेनूतल्या एंड पॉइंटने (सर्वो कुठपर्यंत जायचा त्याच्या मर्यादेने) जुळवा. थ्रॉटलचा सर्वो टोकाला अडकून गुरगुरत नाही ना ते कान लावून ऐका, तो अडकून राहिला तर बॅटरी गुपचूप खात राहतो. इलेक्ट्रिकमध्ये रेडिओ बदलला की ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन परत करायचं, जुनं चालत नाही.

## ७. अँटेना

रिसीव्हरमधून येणाऱ्या वायरचा शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा भाग, तीच खरी अँटेना. त्याच्या मागची जाड वायर नुसती केबल आहे. तो ३१ मिलिमीटरचा तुकडा सरळ राहिला पाहिजे, कापायचा नाही, वाढवायचा नाही, गुंडाळायचा नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट दिसते. यासाठी बारीक प्लॅस्टिकची नळी फ्युजलाजच्या आतून चिकटवा आणि टोक त्यात सरकवा.

बाल्सा, प्लायवूड, फोम यातून २.४ आरामात जातं. कार्बन फायबरमधून जात नाही. बॅटरी, इंजिन, धातूचा पुशरॉड, पंखाचा कार्बन स्पार यांच्यामागे अँटेना लपली तर विमान ठरावीक कोनात वळलं की सावली पडते. जुन्या विमानात रिसीव्हरची जागा बऱ्याचदा बॅटरीच्या मागे खेटून असते, तिथेच नवा रिसीव्हर ठेवला तरी अँटेना मात्र बाहेरच्या बाजूला आणा.

ग्लो इंजिनाच्या विमानात रिसीव्हर मऊ फोममध्ये सैलसर गुंडाळा, रबरबँड आवळून नाही, व्हायब्रेशन नाहीतर थेट आत जातं. फोम आणि व्हेल्क्रो बोहरी आळीत मिळेल.

ट्रान्समीटरची अँटेना विमानाकडे रोखून धरायची नाही, टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी असतो. वाकवून आडवी ठेवा.

## ८. फेलसेफ

काही रिसीव्हर आपणहून काहीच सेट केलं नाही तर लिंक गेल्यावर शेवटची पोझिशन धरून ठेवतात. शेवटची पोझिशन फुल थ्रॉटल असेल तर विमान फुल थ्रॉटलवर जाणार, कुठे ते देव जाणे. थ्रॉटल इलेक्ट्रिकला शून्य, ग्लोला सगळ्यात कमी आयडल. बाकी सरफेस मध्यावर, ट्रेनरला चिमूटभर रडर दिला तर दूर जाण्याऐवजी जवळपास गोल फिरत खाली येतं.

तपासा: विमान बांधा किंवा कोणालातरी धरायला सांगा, इलेक्ट्रिकचा प्रॉप काढलेलाच ठेवा. थ्रॉटल अर्ध्यावर आणि ट्रान्समीटर बंद करा, सेट इशारा देईल रिसीव्हर चालू आहे म्हणून, तरी करा. मोटर थांबली, सरफेस मध्यावर आले, म्हणजे झालं. बाइंड परत केलं, रिसीव्हर बदलला, फर्मवेअर बदललं की ही टेस्ट परत.

## ९. सीजी परत

नवा रिसीव्हर जुन्यापेक्षा हलका, बॅटरी वेगळी, क्रिस्टल नाही. पेन्सिलच्या खुणेवर बोटं ठेवून विमान उचला. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, आधी जागा बदला, शिसं शेवटी. शेपूट जड ठेवून उडवू नका.

## १०. रेंज चेक

सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेला रेंज चेक धरू नका, सगळ्या फ्लॅटचे वायफाय आणि भिंती मध्ये येतात. मैदानावरच करा. ट्रान्समीटर रेंज मोडमध्ये टाका, पॉवर कमी होते, आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर, बहुतेक सेटना ३० पावलांच्या आसपास, चालत जा. एक्स्प्रेसएलआरएसला वेगळा रेंज मोड नाही, डायनॅमिक पॉवर (पॉवर आपोआप कमी-जास्त होणं) बंद करून १० मिलिवॉटवर आणा आणि स्क्रीनवर लिंक क्वालिटी बघत चाला.

विमान जमिनीवर ठेवून करू नका, जमिनीला टेकलेल्या अँटेनाची रेंज खूप कमी येते. मित्राने कमरेएवढं उचलून धरायचं आणि हळूहळू सगळीकडे फिरवायचं, नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, पोट तुमच्याकडे. एका ठरावीक कोनात सर्वो अडखळले तर तिथे अँटेनावर सावली आहे, सातव्या पायरीवर परत. इंजिन बंद ठेवून पास झालं की इंजिन चालू करून परत, व्हायब्रेशनमुळे येणारा त्रास तेव्हाच दिसतो.

वायफाय चालू असलेला अ‍ॅक्शन कॅमेरा विमानावर लावणार असाल तर रेंज चेकही तो चालू ठेवूनच करा.

## ११. पहिली फ्लाइट

जागा आधी. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं मॉडेलही त्यात येतं. लोहगाव विमानतळामुळे पुणे शहराचा बराच भाग मोकळा नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन झोन, त्याच्या पलीकडे ४०० फुटांपर्यंत, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. खडकवासल्याला एनडीए आहे, त्या बाजूला तर आणखी जपून. निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा उघडून बघा. हाय टेन्शनच्या तारा कुठून गेल्यात ते मैदानावर पोचल्यावर चालत जाऊन बघा.

टेलिमेट्रीत रिसीव्हर व्होल्टेजचा अलार्म लावा, चार सेलच्या पॅकला ४.७ च्या आसपास. पहिली फ्लाइट पाच मिनिटांची, जवळच, उंची ठेवून. उतरवल्यावर लगेच परत वर जाऊ नका. कमीत कमी व्होल्टेज आणि कमीत कमी लिंक क्वालिटी किती नोंदली गेली ते बघा, सर्वोला हात लावून कुठला तापलाय का बघा, अँटेनाची टोकं नळीतून सरकली नाहीत ना, प्लग सैल नाहीत ना. ट्रिम दिलेलं असेल तर ते क्लेव्हिसवर घेऊन ट्रिम परत शून्यावर आणा. पहिले काही दिवस थोडं थोडं अंतर वाढवत न्या, आणि लिंक क्वालिटी प्रत्येक वेळी त्याच दिशेला पडत असेल तर विमान ती बाजू तुमच्याकडे करतं तेव्हा अँटेनाच्या मध्ये काय येतं ते शोधा.

जुना सेट ठेवायचा असेल तर त्यातली बॅटरी काढून ठेवा, ती आत फुटली की बोर्ड खाते. क्रिस्टल एका डबीत, आणि डबीवर मेगाहर्ट्झ आणि चॅनल नंबर लिहून.